लॉगमध्ये ती ओळ खरोखर उमटली का? पायथनच्या युनिट टेस्टमध्ये लॉग-संदेश तपासताना

समजा, एखाद्या तालुक्यातील पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदी सीएसव्ही फाइलमधून वाचून पावसाची सरासरी काढणारे एक छोटेसे पायथन फंक्शन आपण लिहिले आहे. फाइल माणसाने हाताने भरलेली आहे, त्यामुळे तीन दिवसांच्या रकान्यांत अनुक्रमे १२.४, ‘निरंक’ आणि ८.६ असे लिहिलेले सापडते. ‘निरंक’ म्हणजे शून्य, हे सरकारी तक्ते वाचणाऱ्या कोणालाही कळते. पायथनच्या फ्लोटला (मजकुराचा दशांश आकडा करणाऱ्या फंक्शनला) मात्र ते कळत नाही आणि ते व्हॅल्यूएरर देऊन थांबते. (देवनागरी अंकांत लिहिलेले ‘१२.४’ त्याला बिनतक्रार वाचता येते, ही त्यातली गंमत.) एका खराब ओळीपायी सगळे काम अडू नये म्हणून आपण ती ओळ वगळतो, लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, इशारा लिहितो आणि पुढे जातो. आता बेरीज २१ येते, ती बरोबरच आहे. पण तीनऐवजी दोनने भागल्यामुळे सरासरी ७ मिलिमीटरऐवजी १०.५ मिलिमीटर निघते. फंक्शनने उत्तर दिले, कोठेही एरर आली नाही, प्रोग्रॅम सुखरूप संपला. काहीतरी बिनसले होते याचा एकमेव पुरावा म्हणजे लॉगमधली ती ओळ.

अशी ओळ ही फंक्शनच्या परत येणाऱ्या उत्तराइतकीच महत्त्वाची असते आणि म्हणून तिचीही टेस्ट, म्हणजे ती उमटते का हे तपासणारा छोटा कोड, लिहावी लागते. याचा अर्थ प्रत्येक लॉगची टेस्ट लिहावी असा मुळीच नाही. शोधाशोध करताना सोयीसाठी टाकलेल्या डिबगच्या ओळी उद्या निघून जातील, बदलतील. त्यांना टेस्टने जखडून ठेवले तर टेस्टच अडचण होऊन बसते. ज्या ओळीवर दुसरे कोणी अवलंबून आहे, म्हणजे जी पाहून कोणाला तरी फोन जातो, कोणी तरी फाइल दुरुस्त करते किंवा पुढे हिशेबाची तपासणी होते, तेवढीच ओळ टेस्ट करण्याजोगी, असा माझा साधा निकष आहे.

लॉग तपासण्याची साधने पायथनमध्ये तयार आहेत आणि ती वापरायला दोन ओळी पुरतात. तरीही लोक येथे अडखळतात, कारण लॉगची नोंद कोणत्या वाटेने जाते हे त्यांनी पाहिलेले नसते. ती वाट आधी समजून घेतली की पुढची बहुतेक कोडी आपोआप सुटतात.

पायथनचे लॉगिंग मोड्यूल २००३ साली आलेल्या २.३ या आवृत्तीपासून भाषेसोबत मिळते. जावामधील लॉगफोरजे या साधनाचा त्याच्यावर प्रभाव आहे. टेस्ट लिहिण्यासाठीचे युनिटटेस्ट मोड्यूलही जावाच्या जेयुनिटच्या वळणाचे आहे. दोन्हींतली नावे पायथनच्या नेहमीच्या अधोरेखांच्या पद्धतीने न लिहिता मधले अक्षर मोठे करून जोडून का लिहिली जातात, याचे उत्तर या वंशावळीत आहे.

आपण लॉगरला (नोंदी घेणाऱ्या वस्तूला) वॉर्निंग द्यायला सांगतो तेव्हा सर्वांत आधी एक प्रश्न विचारला जातो: या पातळीची नोंद पुढे जाऊ द्यायची की नाही? पातळ्यांना आकडे आहेत. डिबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४० आणि क्रिटिकल ५०. लॉगरवर स्वतःची पातळी ठरवलेली नसेल तर तो आपल्या पालकाची पाहतो, पालकावरही नसेल तर त्याच्या पालकाची, आणि असे करत शेवटी रूट लॉगरपर्यंत पोहोचतो, ज्याची मूळ पातळी वॉर्निंग असते. पालक कोण, हे नावातल्या टिंबांवरून ठरते: ‘पर्जन्य.वाचन’ या लॉगरचा पालक ‘पर्जन्य’, आणि त्याचा पालक रूट. नोंदीची पातळी या ठरलेल्या पातळीपेक्षा कमी असेल तर ती तेथेच संपते. रेकॉर्ड नावाची वस्तू तयारसुद्धा होत नाही.

नोंद या फाटकातून आत आली की रेकॉर्ड तयार होतो. त्यात संदेशाचा साचा आणि साच्यात भरायची मूल्ये वेगवेगळी ठेवलेली असतात. ‘ओळ %एस वगळली, मजकूर %एस’ हा साचा एका खणात, आणि २ व ‘निरंक’ ही मूल्ये दुसऱ्या खणात. त्यांची जुळणी होऊन पूर्ण वाक्य तयार होते ते नंतर, कोणी मागितल्यावर. मग हा रेकॉर्ड लॉगरच्या हँडलरांकडे (नोंद पडद्यावर, फाइलमध्ये वगैरे पोहोचवणाऱ्यांकडे) जातो, तेथून पालकाच्या हँडलरांकडे, आणि असा वर वर रूटच्या हँडलरांपर्यंत. या चढणीत एक बारकावा आहे, जो अनेक अनुभवी लोकांनाही ठाऊक नसतो: वर जाताना पालक लॉगरची पातळी पुन्हा तपासली जात नाही, फक्त त्याच्या हँडलरांची पातळी पाहिली जाते. म्हणजे फाटक एकदाच लागते, आणि तेही ज्या लॉगरवर नोंद झाली त्याच्याच दारात. कोठेच हँडलर सापडला नाही, तर वॉर्निंग आणि त्यावरच्या नोंदी थेट पडद्यावर उमटतात. टेस्ट चालवताना, पास झालेल्या प्रत्येक टेस्टमागे उमटणाऱ्या टिंबांच्या मध्येच इशाऱ्यांची बडबड दिसते ती यामुळे.

आता मुख्य साधन. २०१४ साली आलेल्या पायथन ३.४ पासून युनिटटेस्टमधल्या टेस्टकेसमध्ये असर्टलॉग्ज नावाची पद्धत आहे. आपल्या उदाहरणाची टेस्ट तिच्या साहाय्याने अशी दिसेल. येथे सर्व शब्द देवनागरीत दिले आहेत. टंकताना पायथनचे शब्द अर्थातच रोमन लिपीत लिहावेत, असर्टलॉग्जमधला ‘लॉग्ज’चा एल मोठा ठेवावा आणि पातळीचे नाव सगळेच्या सगळे मोठ्या अक्षरांत द्यावे, कारण लहान अक्षरांतली पातळी लॉगिंग ओळखत नाही.

विथ सेल्फ.असर्टलॉग्ज('पर्जन्य.वाचन', लेव्हल='वॉर्निंग') ॲज पकड:
    सरासरी = सरासरी_काढा(ओळी)

सेल्फ.असर्टइक्वल(लेन(पकड.रेकॉर्ड्स), १)
नोंद = पकड.रेकॉर्ड्स[०]
सेल्फ.असर्टइक्वल(नोंद.लेव्हलनो, लॉगिंग.वॉर्निंग)
सेल्फ.असर्टइक्वल(नोंद.आर्ग्ज, (२, 'निरंक'))

विथच्या आत शिरताना असर्टलॉग्ज तीन गोष्टी करते. सांगितलेल्या लॉगरचे सगळे हँडलर बाजूला काढून तेथे स्वतःचा, फक्त साठवणारा हँडलर बसवते. लॉगरची पातळी आपण सांगितलेली करते. आणि नोंद पालकाकडे जाण्याची वाट बंद करते. बाहेर पडताना या तिन्ही गोष्टी पूर्ववत होतात, मध्ये एरर आली तरी. त्यामुळे टेस्टच्या वेळी पडद्यावर बडबड होत नाही, खऱ्या लॉगफाइलमध्ये खोट्या नोंदी जात नाहीत आणि लॉगरची मूळची पातळी काय होती याची चिंता करावी लागत नाही. लॉगरचे नाव दिले नाही तर रूट धरला जातो आणि पातळी दिली नाही तर इन्फो.

जमलेला माल दोन यादींत मिळतो. रेकॉर्ड्स या यादीत मूळ रेकॉर्ड असतात, तर आउटपुट या यादीत प्रत्येक नोंदीचे तयार वाक्य असते: आधी पातळी, मग अपूर्णविराम (:), मग लॉगरचे नाव, पुन्हा अपूर्णविराम आणि शेवटी संदेश.

येथे सर्वांत जास्त होणारी चूक सांगितली पाहिजे. असर्टलॉग्ज स्वतः एवढेच बघते की त्या पातळीची किंवा तिच्या वरची निदान एक नोंद झाली का. कोणती, ते ती बघत नाही. समजा, आपले फंक्शन ‘निरंक’ची ओळ वगळताना काहीच लिहीत नाही, पण फाइलच्या शेवटी रिकामी ओळ आहे म्हणून एक वेगळाच इशारा देते, नुसता विथ लिहून सोडून दिलेली टेस्ट अशा वेळी खुशाल पास होईल. म्हणून विथ संपल्यावर, त्याच्या बाहेर, मिळालेल्या नोंदी उघडून पाहायच्याच. विथच्या आत, फंक्शनला हाक मारणाऱ्या ओळीच्या खाली, काही तपासू नये, कारण तेथली एखादी तपासणी फसली की ‘नोंद झाली का’ हा मूळ प्रश्न विचारलाच जात नाही; आलेली एरर असर्टलॉग्ज गिळत नाही, तशीच पुढे जाऊ देते, आणि टेस्ट का फसली याचे अर्धेच उत्तर हाती येते.

तपासायचे काय, हा खरा विचाराचा भाग आहे. बहुतेक जण आउटपुटमधले पूर्ण वाक्य अक्षरशः जुळवून पाहतात, आणि पुढच्याच आठवड्यात कोणी ‘वगळली’च्या जागी ‘वगळण्यात आली’ असे लिहिले की पाच टेस्ट लाल होतात. वाक्यरचना हा त्या नोंदीचा गाभा नव्हे. पातळी कोणती, कोणत्या लॉगरकडून आली, कोणती ओळ आणि त्या ओळीत काय होते, हा गाभा. साचा आणि मूल्ये वेगळी ठेवण्याचा फायदा येथे मिळतो: आर्ग्जमध्ये २ आणि ‘निरंक’ आहेत का एवढे पाहिले की शब्द कसेही बदलोत, टेस्ट टिकते. मात्र त्यासाठी मूळ कोडमध्ये मूल्ये वेगळी दिलेली असावी लागतात. एफ-स्ट्रिंग वापरून वाक्य आधीच जोडून दिले असेल तर आर्ग्ज रिकामे असते आणि मग शब्दांत शोधण्याशिवाय गत्यंतर नसते. लॉगरला एफ-स्ट्रिंग देऊ नये हा सल्ला सहसा वेग वाचवण्यासाठी दिला जातो. मला टेस्टचे हे कारण त्याहून वजनदार वाटते. पूर्ण वाक्य हवेच असेल तर रेकॉर्डवर गेटमेसेज ही पद्धत चालवावी, आणि त्यात ‘निरंक’ हा शब्द आहे का एवढेच पाहावे.

यालाही अपवाद आहे. देखरेखीचे एखादे साधन लॉगमधला ठरावीक शब्दसमूह शोधून धोक्याची सूचना पाठवत असेल, तर ते शब्द हाच करार झाला, आणि तेव्हा ते अक्षरशः जुळवणेच योग्य.

एरर पकडून लॉगर.एक्सेप्शन वापरले असेल तर एक फरक लक्षात ठेवावा. ही पद्धत एरर पातळीवर नोंद करते आणि एररचा संपूर्ण माग सोबत जोडते. आउटपुटमधल्या वाक्याला तो मागही चिकटलेला असतो, त्यात फाइलींची नावे आणि ओळींचे क्रमांक असतात, आणि म्हणून ते वाक्य जसेच्या तसे जुळवण्याचा प्रयत्न हमखास फसतो. त्याऐवजी रेकॉर्डच्या एक्स्क_इन्फो या खणातला पहिला घटक पाहावा. तो एररचा प्रकार असतो, आणि आपल्या उदाहरणात तो व्हॅल्यूएरर असायला हवा.

पुष्कळ ठिकाणी हेच काम मॉक, म्हणजे खऱ्याच्या जागी बसवलेली नकली वस्तू, वापरून केलेले आढळते: मोड्यूलमधला लॉगर पॅच करायचा (बदलून नकली ठेवायचा) आणि त्याच्या वॉर्निंग पद्धतीला अमुक मूल्यांनिशी हाक गेली का ते पाहायचे. हे चालते, पण त्यात नोंद आपल्या वाटेने गेलीच नाही. साच्यात दोन जागा आणि मूल्य एकच, अशी चूक मॉकला दिसत नाही. त्याला काहीही द्या, तो मान डोलावतो. प्रत्यक्ष चालताना लॉगिंग अशी चूक पडद्यावर ओरडून सांगते, पण प्रोग्रॅम थांबवत नाही, आणि मूळ संदेश मात्र हरवतो. असर्टलॉग्जचा हँडलर ही जुळणी खरोखर करून बघतो आणि ती जमली नाही तर टेस्ट तेथेच टाइपएरर देऊन पडते. केवळ एवढ्यासाठीही मी मॉकपेक्षा असर्टलॉग्ज पसंत करेन.

उलट बाजूही तपासावी लागते. सगळ्या नोंदी स्वच्छ असताना इशारा उमटता कामा नये, नाहीतर रोजच्या इशाऱ्यांना सरावलेले डोळे खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करू लागतात. यासाठी असर्टनोलॉग्ज ही पद्धत २०२१ च्या पायथन ३.१० मध्ये आली. त्याआधीच्या आवृत्त्यांत लोक एक युक्ती करत: असर्टलॉग्जच्या आत आपणच एक बनावट नोंद टाकायची आणि शेवटी यादीत तेवढी एकच आहे ना ते बघायचे. जुन्या कोडमध्ये अशी ‘बनावट’ ओळ दिसली तर ती चुकून राहिलेली नाही, हे समजावे.

आता त्या तक्रारीकडे वळू जी सर्वाधिक वेळ खाते: लॉग डोळ्यांना दिसतो आहे, पण टेस्ट म्हणते नोंदच झाली नाही. किंवा एकटी चालवली की टेस्ट पास होते आणि सगळ्यांसोबत चालवली की फेल. अशा वेळी फंक्शनमध्ये चूक शोधत बसण्याऐवजी नोंदीची वाट पायी चालून पाहावी.

पहिल्यांदा नाव. लॉगरचे नाव टंकताना एक अक्षर चुकले तरी पायथन तक्रार करत नाही; त्या नावाचा नवा लॉगर गुपचूप तयार करून देते आणि आपण रिकाम्या दाराशी वाट पाहत राहतो. लॉगर मोड्यूलच्या नावाने बनवला असेल, तर मोड्यूल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवताच नाव बदलते, हेही विसरू नये.

दुसरे म्हणजे मधले फाटक. असर्टलॉग्जला ‘पर्जन्य’ हे पालकाचे नाव दिले तरी ‘पर्जन्य.वाचन’ या मुलाच्या नोंदी वर चढून येतात आणि पकडल्या जातात, हे सोयीचे आहे. पण मुलावर कोणी स्वतंत्रपणे एरर ही पातळी ठरवली असेल तर त्याच्या वॉर्निंग तेथेच अडतील, कारण असर्टलॉग्ज फक्त पालकाची पातळी बदलते. मुलाची वर जाण्याची वाट, म्हणजे प्रॉपगेट, बंद असेल तरी तेच होईल.

तिसरे कारण सर्वांत छुपे. लॉगिंगची मांडणी डिक्टकॉन्फिग किंवा फाइलकॉन्फिग वापरून केली तर डिसेबल_एक्झिस्टिंग_लॉगर्स हा पर्याय आपण काही न सांगता चालू असतो, आणि मांडणीत ज्यांचे किंवा ज्यांच्या (रूटखेरीज) पालकाचे नाव नाही असे आधीचे लॉगर तो मुके करून टाकतो. एखाद्या टेस्टने ॲप्लिकेशन सुरू करताना ही मांडणी चालवली की त्यानंतर धावणाऱ्या टेस्टमधला आपला लॉगर मुकाच राहतो. असर्टलॉग्ज हँडलर, पातळी आणि वाट बदलते; मुकेपणा काढत नाही. एकटी चालवल्यावर पास होणाऱ्या टेस्टचे रहस्य बहुधा येथेच सापडते, आणि उपाय म्हणजे मांडणीत तो पर्याय स्पष्टपणे फॉल्स लिहिणे. टेस्ट शांत राहाव्यात म्हणून सेटअपमध्ये कोणी लॉगिंग.डिसेबल लिहून ठेवले असेल तर त्याचाही परिणाम असाच होतो. असे सरसकट तोंड बंद करण्याची गरज असर्टलॉग्ज वापरल्यावर फारशी उरतही नाही.

नोंद दुसऱ्या थ्रेडमधून (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामातून) होत असेल तर तो थ्रेड संपण्याची वाट विथच्या आतच पाहावी. बाहेर पडल्यावर आलेली नोंद पकडली जाणार नाही. वेगळ्या प्रोसेसमधल्या नोंदी तर या मार्गाने दिसतच नाहीत.

पायटेस्ट हे टेस्ट चालवण्याचे दुसरे साधन वापरणाऱ्यांसाठी कॅपलॉग नावाचे फिक्श्चर (टेस्टला आयती मिळणारी मदत) आहे; पायटेस्टच्या ३.३ या आवृत्तीपासून ते वेगळे प्लगइन न बसवता मिळते. त्याची वाट थोडी निराळी आहे. ते आपला हँडलर रूटवर बसवते आणि लॉगरांची पातळी आपण सांगेपर्यंत बदलत नाही. त्यामुळे रूटची मूळची वॉर्निंग पातळी तशीच राहते, इन्फोच्या नोंदी सापडत नाहीत, आणि कॅपलॉगच्या ॲट_लेव्हल किंवा सेट_लेव्हल या पद्धतीने पातळी खाली आणावी लागते. ज्या लॉगरची वर जाण्याची वाट बंद आहे त्याच्या नोंदी रूटपर्यंत पोहोचतच नाहीत, म्हणून कॅपलॉगला दिसत नाहीत. असर्टलॉग्जच्या विथमध्ये झालेल्या नोंदी कॅपलॉगमध्ये नसतात, त्याचेही हेच कारण. एकाच टेस्टमध्ये दोन्ही वापरू नयेत. बाकी रेकॉर्ड्स, मेसेजेस या याद्यांचा उपयोग वर सांगितल्याप्रमाणेच करायचा.

शेवटी एक अशी टेस्ट, जी फार थोडे लोक लिहितात. लॉगमध्ये काय असावे याइतकेच काय असू नये हेही तपासता येते. ३ मे २०१८ रोजी ट्विटरने जाहीर केले की एका बगमुळे वापरकर्त्यांचे पासवर्ड अंतर्गत लॉगमध्ये उघड्या स्वरूपात लिहिले जात होते. पासवर्ड गुंतागुंतीच्या रूपात बदलून साठवण्याची प्रक्रिया पूर्ण होण्याआधीच ते तेथे उतरत होते. सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा विचार करण्यास सांगावे लागले. अशा बाबतीत असर्टनोलॉग्ज उपयोगाचे नाही, कारण लॉग व्हायला तर हवाच आहे, फक्त त्यात गुपित नको. म्हणून टेस्टमध्ये सहजी दुसरीकडे न आढळणारा एखादा पासवर्ड घ्यावा, असर्टलॉग्जची पातळी डिबगपर्यंत खाली आणावी, लॉगरचे नाव न देता रूटवर लक्ष ठेवावे म्हणजे वापरलेल्या लायब्रऱ्यांच्या वर चढणाऱ्या नोंदीही जाळ्यात येतील, लॉगिन चालवावे, आणि मग आउटपुटमधली प्रत्येक ओळ जोडून त्यात ती अक्षरे नाहीत ना ते पाहावे. येथे रेकॉर्डचे खण तपासण्यापेक्षा तयार वाक्य तपासणे बरे. पासवर्ड आर्ग्जमधून येवो, एररच्या मागाच्या शेवटच्या ओळीतल्या संदेशातून येवो, की कोणी घाईत जोडलेल्या एफ-स्ट्रिंगमधून, तो शेवटी त्या वाक्यातच उतरतो.